अडचण आहे का?

"इंजिनिअर आहे म्हणे. आणि हिमोग्लोबिन सहावर येईपर्यंत गप्प!"

पडद्यापलीकडे सिस्टर कुणाला तरी सांगत होती. चिडून नाही, तिला खरंच नवल वाटत होतं. मी डोळे मिटून पडून राहिले.

थोड्या वेळाने डॉक्टर मॅडम सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. "फायब्रॉइड आहे. गर्भाशयाच्या भिंतीत वाढणारी गाठ. बहुतेकदा कॅन्सर नसतो, घाबरू नका. पाळीत रक्त किती जायचं?"

"थोडं जास्त," मी म्हटलं.

"थोडं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

सात महिने चाललं होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, गडद निळी पँट घालायची आणि दुसरी बॅगेत ठेवायची. जिना चढताना धाप लागायची. त्या शॉपमधली मी पहिली मुलगी इंजिनिअर. कुणाला कळलं तर 'नाजूक आहे' म्हणून मला मशीनवरून काढून टेबलावर बसवतील, याची धास्ती होती.

एकदा लाइनवरच्या सुनंदाताईंनी माझा चेहरा पाहून हळूच विचारलंही होतं, "म्याडम, अडचण हाय का?"

"नाही, मशीन ओके आहे," मी घाईने म्हटलं.

बाजूच्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मला वाटलं, माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला हसतायत. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणंच कमी केलं.

मग एका सकाळी राउंडवर घेरी आली. मेंटेनन्सच्या नाझिया मॅडमनी मला गाडीत घालून दवाखान्यात आणलं. पहिल्या दिवशी रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. दुसऱ्या दिवशी वैजापूरहून आई आली. कारखान्यात मी निरोप दिला, उपाशीपोटी चक्कर आली.

नाझिया मॅडमना मात्र खरं कळलं होतं. शिफ्ट संपवून त्या आल्या, आईला जेवायला पाठवलं आणि स्टुलावर बसल्या.

"मी पण लपवलं होतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं माझं. चौथ्या दिवशी कामावर, विजेच्या पॅनेलसमोर उभी. रडू आलं की कंप्रेसर रूममध्ये जायची. उस आवाज में कौन सुनता, बोल?"

हे त्यांनी कारखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

लोहाची इंजेक्शनं झाली, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. मग मायोमेक्टमी, म्हणजे गर्भाशय राखून फक्त गाठ काढणं. मला विचारून नाझिया मॅडमनी सुनंदाताईंना खरं सांगितलं, आणि ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी त्या ज्वारीच्या पिठाची आंबील घेऊन आल्या.

"अवं म्याडम, आम्ही इचारलं पाळीचं, अन् तुम्ही सांगितलं मशीनचं!"

मी इतकी हसले की टाके दुखले. त्या घाबरून म्हणाल्या, "हसू नका, हसू नका, नायतर डाक्टरीण मलाच हाकलंल."

हे वाचणाऱ्या मुलींनो, दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, तर थांबू नका. सीबीसी म्हणजे रक्ताची साधी तपासणी. ती आधी करून घ्या. आणि कुणी काळजीने विचारलं, तर प्रश्न नीट ऐका. मी ऐकला असता, तर कदाचित निम्मे महिने वाचले असते. नाझिया मॅडम आणि सुनंदाताई माझ्या आधीपासूनच तिथे होत्या.

दीड महिन्याने कामावर रुजू झाले. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या शॉपचे प्रमुख सर हसत म्हणाले, "काय, लग्नबिग्न उरकून आलात की काय?"

सगळे पुरुष माझ्याकडे पाहत होते. नाझिया मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी काहीच खूण केली नाही. हातातली फाइल मी टेबलावर ठेवली.

"नाही, सर. पाळीत फार रक्त जात होतं. गर्भाशयात गाठ होती, ऑपरेशन झालं. आता बरी आहे, आणि मला प्रेस शॉपमध्येच काम करायचंय."