दुधावर जिंकणारं, कातड्यावर हरणारं

चप्पल घेताना तुम्ही ती कधी नाकाशी धरली आहे का?

आमच्या बाई धरायच्या. गडहिंग्लजच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची कोरी कोल्हापुरी उचलून हुंगली, आणि वरपक्षाच्या पोरींनी पन्नाशीतल्या बाईंना चप्पल लपवणारी म्हणून धरलं. "लपवत न्हाई गं, सल्फाइडचा वास येतोय का बघतेय," बाई म्हणाल्या. कुणालाच पटलं नाही.

नव्वदचं दशक सरत होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बाई जीवरसायनशास्त्र शिकवायच्या, मी त्यांची विद्यार्थिनी. कातड्यावरचे केस काढायला चुना आणि सल्फाइड लागतं. त्यात हात घालून कातडी कमावणाऱ्या शिवामामांची नखं झिजून गेली होती. बाईंना तेच काम करणारं, केसांच्या मुळाशी असलेली प्रथिनं खाणारं एन्झाइम घडवायचं होतं. मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली. मामांचे हात बघून लगेच पत्रक लिहिलं. बाईंनी त्यातली एक वेलांटी सुधारली. "झ्याक हाय. आता बशा धू."

आधी त्यांनी डोकं चालवलं. संगणकावर एन्झाइमची घडण बघून एकेक बदल योजला. एन्झाइम टिकलं, पण कामच करेना. "हुशारी संपली, आता मैदान भरवू," बाई म्हणाल्या. म्हणजे त्याच्या जनुकात आंधळेपणाने चुका घडवायच्या, ती जनुकं जिवाणूंत घालायची आणि जिवाणू दुधाच्या बशांत वाढवायचे. ज्याच्याभोवती दूध खाल्ल्याचं कडं सर्वांत मोठं, तो पैलवान. त्याच्यात पुन्हा चुका घडवायच्या.

शेवटचा पैलवान घेऊन आम्ही मामांकडे गेलो. कातडं रात्रभर त्याच्या पाण्यात भिजवलं. सकाळी केस गेले होते आणि कातड्याची चाळण झाली होती. मामांनी ते उजेडापुढे धरलं. "बाई, यातनं पन्हाळा दिसतोय की."

बाई हसत तिथंच बसल्या. "त्याचं काय चुकलं? आपण खा म्हटलं, त्यानं खाल्लं. मागशील तेच मिळतं गं. आपलं मागणंच चुकलं."

मग प्रत्येकाला दोन बशा: एक दुधाची, एक कातड्याच्या भुकटीची. दुधावर जिंकेल आणि कातड्यावर हरेल, त्यालाच पुढची फेरी. असं मैदान कोल्हापुरानं पाहिलं नसेल.

अखेर एक कातडं साफ निघालं, अख्खं. मामांनी ते उघड्या हातांनी बाहेर काढलं आणि हात पुन्हा त्याच पाण्यात घालून ठेवले. "चावत न्हाई ओ, बाई."

बाई ते कातडं घेऊन व्यापाऱ्यांकडे हिंडल्या. सगळ्यांनी चहा पाजला. एकानं खरं सांगितलं, "मॅडम, गिऱ्हाईक पट्टा बघतंय, रंग बघतंय. कशात भिजवलंय, असं कुणी इचारतच न्हाई."

रिक्षात बाईंनी ते कातडं मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "बघ, परत तेच. मागणंच न्हाई."

बाई आता नाहीत. त्यांच्या जिंकलेल्या जिवाणूंच्या नळ्या फ्रीझरच्या तळाशी आहेत, आणि मामांचे हात चुन्यात. म्हणून पुढची चप्पल पायात घालण्याआधी नाकाशी धरा, आणि दुकानदाराला मोठ्यानं विचारा, हे कातडं कशात भिजवलं होतं? दुकानातले हसतील. हसणं थांबलं की पुन्हा विचारा.