तान्ह्या पोळ्यातला लोखंडी बैल

सन १९६६, तान्हा पोळा. वॉर्डाची वर्गणी जमली एकेचाळीस रुपये. सभेला हजर तिघे: अध्यक्ष गुरुजी, खजिनदार मी, आणि न बोलावता आलेले आमचे वेल्डर मिस्त्री. आम्ही दोघे बक्षिसांचं बोलत होतो आणि मिस्त्री गुरुजींच्या लोखंडी खुर्चीचा पाय चाचपत होते. गुरुजी खुर्चीतच होते.

"उठा जरा, गुरुजी. हाताले कायतरी लागून राह्यलं."

गुरुजी उठले नाहीत.

मिस्त्री गेले त्याला आता दोन वर्षं झाली. बालाघाटातल्या एका धानाच्या गिरणीत मशिनी दुरुस्त करता करता ते वेल्डिंग शिकले. लोखंडाची जनावरं करायला कोणी शिकवलं, असं विचारलं की दोन्ही पंजे पुढे धरायचे. काळे, चटके बसून बसून टणक झालेले. कागदावर त्यांनी कधी रेघ मारली नाही, टेप वापरला नाही. तुमच्याही ओळखीत कोणी असेल, जो "पाहू" म्हणतो आणि डोळ्यांऐवजी हात पुढे करतो. आमचे मिस्त्री तसे. नवं काम दाखवताना त्यांचं एकच वाक्य असायचं, "हात लावून पाहा ना!"

माझ्या घराला मी साधं फाटक सांगितलं होतं. पाच उभ्या सळया, दोन आडव्या. आलं तेव्हा वरच्या सळईवर एक घोरपड पसरली होती.

"ही काहून?" माझ्या बायकोनं विचारलं.

"सळई उघडी उघडी वाटे, वहिनी. हात लावून पाहा ना."

वहिनींनी हात लावला नाही. पोस्टमनसुद्धा दोन दिवस पत्रं कुंपणावरून टाकून गेला. मजुरी त्यांनी साध्या फाटकाचीच घेतली, घोरपड त्यांच्या खुशीची. मी म्हटलं, मग काढून टाका. म्हणाले, "काढतो, बाबूजी. पन मंग फाटक बी निघन."

बैल करायचं त्यांच्या मनात आलं तेव्हा ते परसवाड्याच्या बैलबाजारात गेले. माझंही तिकडे काम होतं, म्हणून सोबत गेलो. एका पांढऱ्या बैलाजवळ मिस्त्री थांबले. वशिंड चाचपलं, फऱ्यावरून हात फिरवला, मागच्या गुडघ्याशी उकिडवे बसून डोळे मिटले. मालकाला वाटलं, मोठं गिऱ्हाईक आहे. त्यानं भाव सांगितला. मिस्त्री मांडी चाचपू लागले. त्यानं भाव उतरवला. मिस्त्री शेपटीच्या मुळाशी पोचले. त्यानं आणखी उतरवला आणि शेवटी ओरडला, "अरे भाई, लेना है के नई?"

"घ्याचा नाही. समजाचा होता."

त्यानंतर आम्ही बसस्टँडपर्यंत पळत आलो. मालकाच्या हातात बैलाला टोचायची तुतारी होती.

लोखंडाच्या बैलावर त्यांचं दीड वर्ष गेलं. अंग जुन्या बॉयलरच्या पत्र्याचं, पाठीचा कणा ट्रकच्या कमानपट्ट्याचा. गळ्याखाली लोंबणारी पोळी सायकलच्या चेनींची, बैल हलला की तीही हले. पायांखाली चार चाकं, चाकांना गिरणीतली बेअरिंगं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून रांगेत आणतात, मग दारोदार नेतात. बैल दारी आला की घरच्या बाईनं त्याची पूजा करायची आणि बैलवाल्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवायचे. या रांगेत आपला बैल उभा राहावा, एवढंच मागायला मिस्त्री सभेला आले होते.

गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, बैल लाकडाचा असते."

"खरा बैल कुठं लाकडाचा असते, गुरुजी?"

"ओढनारं लेकरू कोनतं?"

"मीच."

"तुम्ही लेकरू? पन्नाशी उलटली तुमची!"

"लहानपनी माह्यापाशी बैल नव्हता. आता हाय. एक डाव रांगेत उभा करू द्या."

"तो बैल नाही, भंगार हाय. नाव लिहू नका, बाबूजी."

मी लिहिलं नाही. मिस्त्री उठून गेले. जाताना त्यांनी खुर्चीला हात लावला नाही, तेव्हा मला समजलं की बोलणं लागलं आहे.

तरी दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ते बैल घेऊन आलेच. रांगेपासून दहा हात दूर, उताराच्या तोंडाशी, चाकाखाली वीट लावून उभा केला. थोड्या वेळानं लेकरं आपापले बैल सोडून तिकडे जमली. मिस्त्री खुशीत आले.

"हात लावून पाहा ना!"

पंधरा-वीस लेकरांनी एकदम हात लावला. वीट सरकली.

बेअरिंगं खरोखर चांगली होती. बैल उतारावरून निघाला, गळ्याची पोळी हलवत, मान ताठ ठेवून. मागे मिस्त्री, "हो! हो! थांब रे बापू!" सकाळपासून ज्यांनी त्याला भंगार म्हटलं होतं, ते शेतकरीही "हो! हो!" करत बाजूला झाले. एकानं तर शिंग धरायला हात पुढे केला आणि ऐन वेळी मागे घेतला. बैल उताराखालच्या रेतीच्या ढिगात रुतून थांबला. समोर गुरुजींचं दार होतं.

गुरुजींच्या बायकोला सभेतलं काही माहीत नव्हतं. बैल दारी आला एवढं तिला दिसलं. ती ताट घेऊन बाहेर आली, कपाळाला कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. मग वशिंडावरून हात फिरवून म्हणाली, "मोठा गुनी हाय. कोनाचा बैल?"

मिस्त्रींना धाप लागली होती. त्यांनी नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा.

तेवढ्यात गुरुजी आणि मी पोचलो.

"पाहात काय राह्यले?" बायको गुरुजींना म्हणाली. "बैल दारी आला, बोजारा द्या ना! माह्यापाशी सुटे नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "वर्गणीतून?"

"नाही, गुरुजी. ज्याच्या दारी बैल, त्याचा बोजारा."

गुरुजींनी कोटाचे तिन्ही खिसे तपासले. मिस्त्रींनी हात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि दोन्ही पंजे जोडून पुढे धरले.

दिले चार आणे. देणार गुरुजी, घेणार मिस्त्री.