गोळीला दिलेला ताण

माझं काळीज कधीपासून वेडंवाकडं पळायला लागलं ते मला सांगता येणार नाही. पायऱ्या चढताना धाप लागायची, छातीत एकदम धडधड सुरू व्हायची, मधेच ठोका चुकायचा. वय झालं म्हणून मी सोडून देत होते. अकोल्याला बहिणीकडे गेले तेव्हा तिनं बळजबरीनं डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली आणि समजावून सांगितलं की हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती डोक्यात गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, तीही जन्मभर, आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी.

गोळी सुरू झाली आणि माझं सुख गेलं. दात घासले की हिरड्यांतून रक्त. दंडावर हे एवढाले निळे डाग, कुठे लागलं तेही आठवायचं नाही. आमची मोर्शीकडे संत्र्याची बाग. त्या झाडाचा काटा लागल्याशिवाय माझा एक दिवस जात नसे, पण पूर्वी पदरानं पुसलं की झालं. आता थांबतच नसे.

एकदा पदर अर्धा भिजला तेव्हा नवरा घाबरला. "काहून वं, एवढं रगत? हे कोनतं औषध म्हनायचं?"

त्या वर्षांत तो तसाही खचला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, आजूबाजूच्या बागा उभ्या वाळत होत्या, कुठल्या ना कुठल्या गावाची वाईट बातमी रोज यायची. आमच्या विहिरीत अजून थोडं पाणी होतं. हिवाळा सरता येणाऱ्या आंबिया बहारासाठी त्यानं झाडांचं पाणी तोडलं होतं, म्हणजे ताण दिला होता. पानं मलूल होईपर्यंत झाड तहानलेलं ठेवायचं आणि मग पाणी सोडायचं, की ते फुलांनी लदबदून जातं. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं.

"तुया शरीराले बी ताण दे," तो म्हणाला. "महिनाभर गोळी तोड. मंग पुन्हा चालू कर, बरोबर लागू पडते."

"मी काय झाड आहो का?" मी म्हटलं.

"झाडापेक्षा जास्त काय हाय तुयात? झाड निदान आयकते तरी!"

मी हसले. खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. गोळी घेऊन काही बरं वाटत नव्हतं आणि न घेता काही बिघडेल असंही वाटत नव्हतं. डॉक्टरांना विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. गोळ्यांची पाकिटं फळीवर ठेवून दिली. हिरड्यांतलं रक्त थांबलं, डाग पुसट झाले. नवरा खूश, मीही खूश.

एका सकाळी भाकरी थापत होते आणि पीठ हातातून निसटलं. हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून मी तो झटकला, तर तो उठेना. नवऱ्यानं दारातून काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं आणि त्याचा चेहरा पाहिला. माझ्या तोंडून शब्द निघालेच नव्हते.

शेजाऱ्याच्या जीपनं अमरावतीला नेलं. काही दिवसांनी बोलणं परत आलं, जरा जड, पण आलं. उजवा हात आला नाही. गोळी का बंद केली, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मीच केली." नवरा म्हणाला, "नाही साहेब, म्याच करवली." आणि तो सगळ्यांदेखत रडला.

आता रोज तो स्वतः गोळी आणून देतो, गिळेपर्यंत उभा राहतो. स्वयंपाक तोच करतो. वरणात मीठ जास्त झालं म्हणून मी कितीही बोलले तरी "हो" म्हणतो. सारा संसार आम्ही भांडून केला. कुठला बहार घ्यायचा, माल कुणाला द्यायचा, सगळं भांडून. एकानं चूक केली की दुसरा आडवा यायचा. आता कुणी आडवं येत नाही.

त्या उन्हाळ्यात बागेची खालची पानं पिवळी पडली. विहिरीत अजून पाणी होतं. ते पुरवून दिलं तर निम्मी झाडं तरी वाचली असती, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. निकामी हाताच्या रागानं मी एका दुपारी ओरडले, "तोडून टाका ते सारं! नका दाखवू मले!" तो चिडेल, मला वेड्यात काढेल, वाटलं तर शिव्या देईल, याची मी वाट पाहत राहिले.

तो "बरं" म्हणाला आणि सकाळी माणसं घेऊन आला. मी दारातून थांबा म्हणून हाका मारल्या. माझा जड आवाज कुऱ्हाडींच्या आवाजात तिथवर पोचला नाही.