दात्याचं नाव

आमच्या कुंभकोणमच्या भजनमठात ट्यूबलाइटचा उजेड धड खाली पोहोचत नाही, कारण मध्ये आमच्या शेजाऱ्यांचं नाव येतं. पितळी भांड्यांचे व्यापारी ते. पंखा दिला तरी पात्यांवर नाव रंगवणार, आणि येताजाता हाताशी येईल त्या नावावरची धूळ नेसलेल्या वेष्टीच्या टोकाने पुसणार. तोंडी एकच पालुपद, "मीच दिलं, काय?"

फक्त पोटच्या मुलाला द्यायचं जिवावर आलं. त्याचे हातपाय जन्मापासून चालत नाहीत. तो आईजवळ वेगळा राहतो. "पंचवीस वर्षांच्या घोड्याला बापाने पोसायचं, काय?" असं हे कोर्टातही म्हणाले. मुलगा सज्ञान असला तरी कमवू शकत नाही, तेव्हा त्याचा खर्च बापानेच करायचा, आणि आधी चाकाची खुर्ची घेऊन द्यायची, असं कोर्टाने बजावलं.

ती खुर्ची यांनी एकादशीला मुलाला बोलावून भरल्या मठात दिली. स्वतःला शालसुद्धा घालून घेतली! मुलाला बसवण्याआधी खुर्ची फिरवून सगळ्यांना दाखवली. पाठीवर लाल अक्षरांत यांचं नाव, खाली 'यांची देणगी'.

मुलाने ते वाचलं. त्याला एकेक शब्द कष्टाने काढावा लागतो, म्हणून सगळा मठ गप्प झाला.

"अप्पा, खाली जागा आहे. 'कोर्टाच्या हुकुमावरून' हेही लिहा."