त्या वहीत मी सही केली नाही

नेवाशाकडच्या एका मुलींच्या शाळेत मी पाणी भरायचे. खो-खोचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत बाईमाणूस लागे. मी चौथी झालेली, म्हणून मलाच धाडत. परत आल्यावर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वहीत लिहीत, ‘सर्व मुली सुखरूप परत आल्या.’ खाली मी सही करायची.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी केलीच होती. येताना एक मुलगी एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, हरली म्हणून रुसली असेल. आठ दिवसांत तिनं शाळा सोडली. पुढं तिची आई विहिरीवर भेटली, तेव्हा एवढंच म्हणाली, “तुमी संगं हुत्या ना?”

दुष्काळाच्या साली सामने नगरला होते. जाताना मुली खुशीत होत्या. एक म्हणाली, “मावशी, घागर मांडीवर कशाला? तिचं तिकीट न्हाई काढलं व्हय?” मी हसले, पण लक्ष खेळाच्या सरांवर होतं; आदल्या वर्षीही तेच सोबत होते.

दुसऱ्या दिवशी आमची सगळ्यात चपळ पोर पळताना पडली, पाय मुरगळला. तरी सामना जिंकला. उतरलो होतो तिथल्याच एका शाळेत. दुपारी सर म्हणाले, “हिला माझ्या खोलीत पाठवा, पाय चोळून देतो. तुम्ही बाकीच्यांना जेवायला न्या.”

पोरीनं मागून माझा पदर घट्ट धरला. “मावशी, मला एकटीला नको सोडू. मागं सरावानंतर बी सरांनी असंच बोलावलं हुतं. घरी आण्णांना सांगू नको, माझी शाळा बंद करतील.”

परक्या पुरुषाकडं मान वर करून बोलायची मला सवय नव्हती. जमिनीकडं बघतच म्हटलं, “सर, तेल द्या. मी चोळते.”

“मावशी, तुम्हाला पाणी पाजायला आणलंय, वैद्यकी करायला नाही.” मग पोरीला म्हणाले, “उद्या खेळायचं नसेल तर सांग. दुसरी आहे माझ्याकडे.”

मी तिला घेऊन मुलींच्या खोलीत गेले आणि उंबऱ्यातच बसले. सर दोनदा येऊन उभे राहिले. मी हलले नाही. बाकीच्या मुलीही जेवायला गेल्या नाहीत. एक म्हणाली, “मावशी उठली की आमी उठू.”

तिसऱ्या दिवशी सरांनी पोरीला बाहेर बसवलं. आम्ही हरलो. एस.टी.त सगळ्यांदेखत ते मला म्हणाले, “ही तुमची कमाई.” पोर रडत होती. मलाच वाटू लागलं, आपण चुकलो की काय.

शाळेत आलो. मोठ्या बाईंनी वही पुढं सरकवली. मी टाक उचलला नाही.

“का हो?”

“दमल्यात,” सर हसले. “आणि लाजतातही जरा.”

मी बाईंकडं वळले. “सरांना भाईर जाऊ द्या. मंग सांगते.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. “सर, जरा बाहेर थांबा.”

मी दोन्ही वर्षांचं सांगितलं. “पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नका. तिची शाळा सुटंल.”

“आणि मागच्या वर्षीची तुमची सही?”

“ती खोटी हुती, बाई. मला कळलं न्हाई तवा.”

त्या दिवसापासून संघ सरांकडून काढून घेतला. मोठ्या बाई स्वतः मैदानावर उभ्या राहू लागल्या. पोर परत खेळू लागली. बाहेर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. वर्ष संपताना सरांची पाथर्डीकडं बदली झाली. त्यांना हार-नारळ दिला. चहा मीच नेऊन दिला.

सगळे गेल्यावर बाईंच्या खोलीतल्या कपबशा गोळा करता करता मी विचारलं, “बाई, तिकडच्या शाळेत बी मुली असतील. तिथं कुणी कळवलं का?”

वाटलं, आता माझी नोकरी जाते. बाईंनी कोरा कागद ओढला.

“बसा. तुम्ही पाहिलंत ते सांगा, मी लिहिते. पण खाली तुमचीही सही लागेल.”

मी कपबशा टेबलावर ठेवल्या आणि त्या खोलीत पहिल्यांदा खुर्चीवर बसले.