मुंबईला न गेलेला अर्ज

त्र्याहत्तर साली धुळ्याच्या बाररूममध्ये मी टेबलावर हात आपटून सांगायचो, संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ गाभा काढून टाकता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या निकालाची कारणमीमांसा मला तोंडपाठ होती. एक वयस्कर वकील म्हणायचे, "गाभा राहू द्या वकीलसाहेब, चहा निवतोय."

पुढे आणीबाणीत दोंडाईच्याचा एक शाळामास्तर धरला गेला. त्याची बायको माझ्याकडे आली. स्थानबद्धतेच्या हुकमावर नाव मास्तरचं, पण वडिलांचं नाव भलत्याच माणसाचं. मूलभूत हक्क स्थगित असले, तरी हुकूम निदान त्या कायद्यात बसतो का, एवढं काही हायकोर्टं तेव्हा तपासत होती. त्या चुकीवर बोट ठेवून मी मास्तरच्या सुटकेचा अर्ज लिहिला. चांगला लिहिला. बाईने प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. फक्त मुंबईच्या वकिलाकडे पाठवायचा राहिला होता.

मी पाठवला नाही. सरकारी वकिलाच्या जागेसाठी माझं नाव नुकतंच वर गेलं होतं.

ती दर मंगळवारी यायची. "भाऊ, कागद गया का मुंबईले?"

"गेला अक्का. तारीख लागायची आहे."

पक्षकाराला तारखा द्यायची सवय अंगात मुरलेली. दाखलच न झालेल्या अर्जाच्या तारखा मी पाच महिने दिल्या. एकदा ती हसली. "तुमनी तारीख म्हंजे आमना गावनी यष्टी. ई ऱ्हायनी, ई ऱ्हायनी म्हंतस, पन येस कोठे?" येतेय येतेय म्हणत न येणाऱ्या त्या एस्टीला मीही हसलो.

शहात्तरच्या उन्हाळ्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, आणीबाणी आहे तोवर असा अर्ज कोणालाच करता येणार नाही. बाररूम सुन्न. मला मात्र, आता लपवत नाही, हायसं वाटलं. "अक्का, दिल्लीनेच दार लावलं," मी तिला म्हणालो. तर तीच माझी समजूत घालू लागली, "जाऊ द्या भाऊ. तुमी बठ्ठं करं." सगळं केलं म्हणे मी.

मास्तर सुटला तो निवडणुकीनंतर. मधल्या काळात त्याची आई गेली, अग्नी पुतण्याने दिला. दोघं पेढे घेऊन आले. मी तेव्हा सरकारी वकील झालो होतो. पेढा खाल्ला.

मास्तर म्हणाला, "अर्जाची नक्कल द्या. पोरांना दाखवीन, तुमची आई कोर्टात लढली म्हणून."

खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. कपाटातली मूळ प्रतच काढून दिली. ना शिक्का, ना नंबर. त्याने ती दोनदा उलटीपालटी करून पाहिली, बायकोकडे पाहिलं, आणि घडी घालून खिशात ठेवली.

बाजारात दिसली की ती अजूनही भाऊ म्हणून हाक मारते. म्हणजे मास्तरने तिला सांगितलेलं नाही. ते काम माझं होतं.