हिरव्या बांगड्या आणि दंडावरची पट्टी

आर्वीच्या आनंदाबाई कासारणीला माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, हातावरून राहत. बाजारात कुणी बाईनं "वळखलं का?" म्हणून थांबवलं, की ती आधी तिचं मनगट बघायची आणि मग म्हणायची, "हं, तू साहूरची ना वो? अंगठ्याचं हाड मोठं आहे तुह्यं. मागच्या बारीले लय छळलं त्यानं मले."

आर्वीचं दुकान तिचा नवरा नत्थूजी सांभाळायचा. तो स्वभावानं शांत, जागेवरून फारसा न हलणारा. फिरतीची हौस आनंदाबाईला. दर आठवड्याला आष्टीचा बाजार भरायचा त्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.नं बांगड्यांच्या पेट्या घेऊन निघायची. कंडक्टरच तिच्या वतीनं ओरडायचा, "काच आहे, पाय सांभाळा." आष्टीत प्रभाकररावांच्या किराणा दुकानाच्या भिंतीला लागून तिची ताडपत्री बांधलेली असे. तिथं मांडी घालून बसली, की संध्याकाळपर्यंत तिच्यासमोरचा हात रिकामा राहत नसे.

बांगडी भरणं हे निम्मं हाताचं काम आणि निम्मं तोंडाचं. बाईला बोलण्यात गुंतवायचं, तिचा पंजा सैल पडला की अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बांगडी अलगद पुढे सरकवायची. त्या बोलण्यात सगळं निघायचं. सासू, नणंद, कपाशी, दिवस गेले का, कितवा चालू आहे. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरायला तर आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिच्याकडंच यायच्या.

अशीच एकदा नलू नावाची पोरगी आली होती. पहिलटकरीण. तिचे हात इतके सुजलेले, की साबण लावूनही बांगडी चढेना. आनंदाबाईनं बांगड्या परत पेटीत ठेवल्या आणि नलूच्या सासूला म्हटलं, "हे बरं नाई दिसत. हिले आजच दवाखान्यात न्या." सासू भली होती, तिनं ऐकलं. दवाखान्यात पोचता पोचता नलूला झटके सुरू झाले, पण डॉक्टर हाताशी होते म्हणून दोन्ही जीव वाचले. तेव्हापासून आनंदाबाईचं नाव झालं. हात बघून ती पोटातलं सांगते, असं लोक बोलू लागले. तिलाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं.

नव्व्याण्णव साली वर्ध्याहून डॉक्टर छाया आली. वयानं तिशीच्या आतली, सडपातळ, उन्हानं लाल झालेली. गरोदर बायकांचा रक्तदाब का वाढतो, कुणाचा वाढणार हे आधी कसं ओळखायचं, यावर वर्ध्यातल्या काही डॉक्टरांचं संशोधन चाललं होतं आणि आष्टीकडची गावं तिच्या वाट्याला आली होती. ती गावोगाव जीप घेऊन फिरली. बायका शेतात गेलेल्या असत, नाहीतर दाराआडून "घरी कोणी नाई" म्हणत. शेवटी आरोग्य केंद्रातल्या नर्सनं तिला सांगितलं, "मॅडम, बाया तुमच्याकडं नाई येणार. आनंदाबाईकडं मात्र सगळ्या येतात."

म्हणून डॉक्टर छाया ताडपत्रीखाली येऊन बसली. आधी तिनं स्वतःच्या हातात डझनभर बांगड्या भरून घेतल्या आणि मग काम सांगितलं.

आनंदाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कोणाले झटके येतीन ते आधीच समजावं, असंच ना?"

"हो मावशी. तेच शोधतोय आम्ही."

"त्याच्यासाठी मशीन कायले लागते? हात पाहा ना."

डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "तुम्ही कसं बघता ते मला दाखवा. तेही आपण तपासू."

हे आनंदाबाईला आवडलं. तिनं मागच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करून दिला. लघवी तपासायची तर बायकांना जागा हवी. प्रभाकररावांची न्हाणी भिंतीपलीकडं होती. प्रभाकरराव आधी कुरकुरले, "माह्या घरची न्हाणी का सरकारी आहे?" पण त्यांच्या बायकोनंच आतून कडी काढली. आडोशामागं स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवायची, लघवी गढूळ झाली तर समजायचं की काहीतरी बिघडतंय. पहिल्या दिवशी दिवा पेटलेला बघून दोघं-तिघं चहा मागायला आले होते.

आणि आनंदाबाईच्या म्हणण्याप्रमाणं हातही मोजायचं ठरलं. प्रत्येक महिन्याला त्याच बाईला कोणत्या मापाची बांगडी चढते, ते आनंदाबाई सांगायची आणि डॉक्टर रक्तदाबाशेजारी लिहून घ्यायची.

पण बायका दंडाला पट्टी बांधून घ्यायला तयार होईनात. ती पट्टी रक्त ओढते, अशी कुणीतरी हूल उठवली होती. आनंदाबाईची सून सपना त्या दिवसांत आठव्या महिन्यात होती. बाजारालगतच्या गावात तिचं माहेर, आईला भेटायचं म्हणून ती सासूबरोबर आली होती. आनंदाबाईनं तिला सगळ्यांसमोर पेटीवर बसवलं.

"पाहा वो बायांनो," ती म्हणाली. "माह्या घरची सून आहे. रक्त ओढत असतं तर म्या बसवली असती का इथं?"

डॉक्टरनं पट्टी बांधली, हवा भरली, सोडली. मग पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधली. बायका मान वर करून बघत होत्या. सपना हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती.

"डोकं दुखतं का गं तुझं?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

"चार दिवसांपासून दुखून राह्यलं. ऊन लागलं असन," सपना म्हणाली.

आडोशामागं नळी तापवली तर लघवी दुधासारखी पांढरी झाली. डॉक्टर बाहेर आली आणि आनंदाबाईच्या कानाशी वाकली. "मावशी, हिला आजच वर्ध्याला न्यावं लागेल."

आनंदाबाईनं सपनाचा हात उचलून डॉक्टरपुढं धरला. पातळ, हाडकुळा हात. सकाळीच तिनं त्यात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, साबणही लागला नव्हता. "हा हात पाहा. सूज आहे का कुठं? चुकलं असन तुमचं मशीन."

"तीनदा मोजलं."

"बाजार आटपू द्या. उद्या सकाळी नेऊ."

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाली, "नलूच्या सासूनं उद्या नेऊ म्हटलं असतं तर, मावशी?"

आनंदाबाईनं सपनाचा हात खाली ठेवला. मग उठली, पेट्या उचलून प्रभाकररावांच्या दुकानात ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊ, लक्ष ठेवजो. आर्वीले गजेंद्रले फोन करून सांगजो, आम्ही वर्ध्याले गेलो म्हणून." गजेंद्र म्हणजे तिचा मुलगा. सपनाला दोन्ही बाजूंनी धरून ती आणि डॉक्टर जीपमध्ये बसल्या. वाटेत, तळेगाव मागं पडल्यावर, सपना म्हणाली, "आई, मले डोळ्यापुढं चमकल्यावानी दिसून राह्यलं." आनंदाबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि वर्धा येईपर्यंत तिच्या कपाळावरून हात काढला नाही.

दवाखान्यात सपनाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं. इंजेक्शनं दिली, गोळ्या सुरू केल्या. झटका आला नाही. डॉक्टरांनी दिवस जेवढे पुढे ढकलता येतील तेवढे ढकलले आणि मग ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. काचेच्या पेटीतून बाळ बाहेर आल्यावर नर्स म्हणाली, त्याला कुणाच्या तरी अंगाची ऊब द्यायची आहे, उघड्या छातीशी धरून बसायचं. सपनाला बसवत नव्हतं. आनंदाबाईनं चोळीची गाठ सोडली, पदर पांघरला आणि नातीला आत घेतलं. दुपारभर ती हलली नाही. गजेंद्र डबा घेऊन आला तर म्हणाली, "तूच खा. माह्या हाताले आता फुरसत नाई." त्या मुलीचं नाव पुढं मयुरी ठेवलं.

दीडेक वर्षानं आष्टीतलं काम संपलं. शेवटच्या बाजाराला डॉक्टर छाया संत्री घेऊन आली आणि आनंदाबाईशेजारी जमिनीवर बसली. संत्रं सोलता सोलता तिनं सांगून टाकलं.

"मावशी, हातांचा हिशोब लागला. ज्यांचे हात सुजले त्यांच्यातल्या बहुतेक बायका ठणठणीत बाळंत झाल्या. आणि ज्यांचा रक्तदाब खरंच चढला त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे हात सुजलेच नव्हते. सपनासारखे. नुसत्या सुजेवरून काही सांगता येत नाही."

आनंदाबाईनं समोरच्या बाईच्या हातात शेवटची बांगडी सरकवली, तिला वाटेला लावलं आणि मग विचारलं, "मंग नलूचं?"

"नलूला पाठवलंत ते बरोबरच केलंत. तुमच्यामुळंच ती वाचली. पण पुढच्या नलूचा हात तुम्हाला सांगेलच असं नाही."

"व्हय. सपनाच्या हातानं तरी कुठं सांगितलं?"

डॉक्टरला वाटलं, म्हातारी दुखावली. खरं म्हणजे थोडी दुखावलीच होती. घरी गेल्यावर नत्थूजीनं "काय झालं?" विचारलं तर "मी नापास झाली," एवढंच म्हणून आडवी झाली. पण दोन-चार दिवसांनी, दुकानात काच पुसता पुसता, ती आपणहून नवऱ्याला सांगू लागली. नलूच्या प्रसंगानंतर कुणाचा हात जरा फुगलेला दिसला, की तिला घोर लागायचा. त्या बाईला पाठवावं का, आपण उगाच भेवाडून देऊन राह्यलो का, तिचं पुढं काय झालं असन, हे घेऊन ती घरी यायची. इतकी वर्षं कुणालाही न सांगता ती एकटीच त्या हातांची राखण करत होती.

"आता ते माह्याकडं नाई राह्यलं," ती म्हणाली. "आता सगळ्यांचंच मोजायचं. सुजलेलीचं बी अन् कोरडीचं बी. बरं झालं बाप्पा."

नत्थूजीनं मान हलवली. "तरीच म्हटलं, काल घोरत होती तू."

पुढच्या वर्षांत आरोग्य केंद्रानं गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस बदलून बाजाराचा केला. त्यात डॉक्टर छायाचा वाटा किती आणि बायकांच्या सोयीचा किती, हे कुणी विचारलं नाही. आनंदाबाईनं आपला नियम केला. सातव्या महिन्याच्या हिरव्या बांगड्या भरायच्या तर आधी तिकडं दंडाला पट्टी बांधून यायचं. एखादी नखरेल सून म्हणायची, "माह्ये हात कुठं सुजले वो?" तेव्हा ती हसून म्हणायची, "हाताचं नको सांगू मले. जा, ये मोजून. तवरोक तुह्या मापाच्या काढून ठेवतो." बांगड्या मात्र ती खरंच काढून ठेवायची, चांगल्यातल्या चांगल्या.

सन दोन हजार चारमध्ये सपनाला पुन्हा दिवस गेले. ती सासूला सांगायच्या आधीच आर्वीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली. मागच्या वेळचं सगळं तिनं तिथं सांगितलं, गोळ्या घेऊन आली, आणि मग संध्याकाळी स्वयंपाक करता करता बातमी दिली. आनंदाबाईनं रागावल्याचं सोंग केलं.

"मले आधी नाई सांगितलं काऊन?"

"तुम्ही लगेच हात धरून पाह्यला असता, आई," सपना म्हणाली.

आनंदाबाई हसायला लागली. कढईतली वांग्याची भाजी लागायला आली होती, ती तिनं उतरवून घेतली. या वेळी रक्तदाब चढला तसा गोळ्यांनी उतरलाही, आणि पूर्ण दिवसांचा धष्टपुष्ट मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी आनंदाबाईनं शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरल्या, त्यात दवाखान्यातली नर्सही होती. तिचा हात भरताना आनंदाबाई म्हणाली, "बाई, तुह्या मनगटाले सोन्याचं कडं शोभन बरं," आणि त्या बोलण्यात नर्सचा पंजा सैल पडला तशी बांगडी अलगद आत गेली.